खेड्यातून गाडीवेड्यांच्या ग्रुपमध्ये येताना: जुनी जीप उभी करताना शिकलेल्या नऊ पायऱ्या

अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात आमचं गाव आहे. 2019 च्या उन्हाळ्यात मी मामाच्या वाड्यात सात वर्षं उभी असलेली 1998 ची महिंद्राची डिझेल जीप ट्रॅक्टरला बांधून घरी आणली. गाडी चालवता येत होती, पण गाडीतलं मला काहीच कळत नव्हतं. मोबाइलवरून एकेक ग्रुप शोधत गेलो. काहींनी पाठच्या भावासारखी मदत केली. काहींच्या सल्ल्यानं हजारो रुपये पाण्यात गेले. आज जीप रोज शेतात जाते, महिन्यातून एकदा परतवाड्यापर्यंत जाऊन येते.

गेल्या वर्षभरात तालुक्यातल्या चार-पाच पोरांनी विचारलं, "दादा, कोणत्या ग्रुपात जाऊ, काय विचारू?" त्यांच्यासाठी आणि तुमच्यासाठी हे लिहितोय. कुणाच्या आजोबांची ॲम्बेसेडर गोठ्यात उभी असेल, कुणाला मारुती 800 हवी असेल. गाडी कोणतीही असो, वाट साधारण हीच.

1. कोणती जागा कशासाठी, हे आधी समजून घ्या

पूर्वी गाडीवेडे ऑर्कुटवर, याहू ग्रुप्सवर आणि फोरमवर, म्हणजे चर्चेच्या वेबसाइटवर, जमायचे. 2004 साली सुरू झालेला टीम-बीएचपी हा त्यातला सगळ्यांत नावाजलेला फोरम. तिथं एकेक माणूस आपली गाडी खोलून, फोटो टाकून, महिनोन्महिने लिहायचा. घाई नसायची. चुकीचं लिहिलं तर दुसरा दुरुस्त करायचा आणि ते सगळं एका धाग्यात, म्हणजे त्या विषयाच्या एकाच पानावर, राहायचं. पंधरा वर्षांपूर्वीचं उत्तर आजही शोधून सापडतं. एक नुकसान मात्र झालं. 2017 मध्ये फोटोबकेटनं बाहेरच्या साइटवर फोटो दाखवणं फुकट वापरणाऱ्यांसाठी बंद केलं, तेव्हा जगभरच्या जुन्या फोरमवरचे असंख्य फोटो दिसेनासे झाले. "खालच्या फोटोत दाखवल्याप्रमाणे बोल्ट काढा" असं लिहिलेलं आहे आणि खाली फोटोच नाही, असं तुम्हालाही भेटेल.

सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं आणि आमच्यासारख्या गावांत नेट स्वस्त झालं. गर्दी फेसबुक ग्रुपकडे, मग व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामकडे वळली. 2020 नंतर रील आले. आता मराठीत विचारता येतं, आवाज रेकॉर्ड करून पाठवता येतो, इंग्रजी येत नाही म्हणून मागं राहावं लागत नाही. खेड्यातल्या माणसाला ही दारं पहिल्यांदाच उघडली, ही फार मोठी गोष्ट आहे. पण व्हॉट्सॲप ग्रुपात नवा माणूस आला की त्याला आधीचं बोलणं सहसा दिसत नाही. मग क्लच प्लेटचा तोच प्रश्न महिन्यातून सहा वेळा येतो. उत्तर देणारे जुनेजाणते थकतात, गप्प बसतात, शेवटी ग्रुप सोडतात. उरतात ते शुभ सकाळचे फोटो.

म्हणून मी असं करतो: समजून घ्यायचं असेल तर फोरम, हात कसा चालतो ते पाहायचं असेल तर यूट्यूब, पार्ट कुठं मिळेल ते विचारायला फेसबुक, आणि आपल्या भागातला माणूस गाठायला व्हॉट्सॲप. रील पाहून गाडीला हात लावत नाही. फोरमवर सभासद व्हायला अर्ज तपासला जातो, थोडा वेळ लागतो. साधं इंग्रजी चालतं, फक्त मोबाइलवरची तुटक स्पेलिंगं चालत नाहीत. वाचायला तर सभासदही व्हावं लागत नाही.

2. गाडीची कुंडली मांडा

ग्रुपात पहिला मेसेज टाकण्याआधी एक वही घ्या. माझी दोनशे पानी आहे, कव्हरवर ग्रीसचे डाग आहेत. पहिल्या पानावर हे लिहा:

- मॉडेल, वर्ष, इंजिनाचा प्रकार. "महिंद्राची जीप" एवढ्यानं भागत नाही. प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या बनावटीचं इंजिन आहे की डीआय (डायरेक्ट इंजेक्शन), यावर अर्धे पार्ट बदलतात.
- इंजिन नंबर आणि चेसी नंबर, प्रत्यक्ष गाडीवर पाहून. आरसीवरचे आकडे उतरवून घेऊ नका.
- आधी काय काय बदललंय. गिअरबॉक्स दुसऱ्या गाडीचा आहे का, स्टिअरिंग बदललंय का.
- गाडी किती महिने उभी होती, कुठं उभी होती.

सोबत लागणारी हत्यारं: पान्यांचा एक चांगला सेट, वायरिंग तपासायला मल्टिमीटर, टायरमधली हवा मोजायचा गेज, हेडटॉर्च आणि एक लोहचुंबक. चुंबक कपड्यात गुंडाळून पत्र्यावर फिरवा. चिकटला नाही तिथं पत्रा गेलाय आणि पुट्टी भरलीय. 2010 नंतरची कार असेल तर ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारं यंत्र, बहुतेकदा कामाचा, जुन्या जीपला त्याचा उपयोग नाही.

3. प्रश्न असा विचारा की लांबच्या माणसाला तुमचं गाव दिसलं पाहिजे

या पायरीवर मी सगळ्यांत जास्त थांबणार आहे, कारण माझं सगळ्यांत जास्त नुकसान इथं झालं.

जीप सुरू झाली, पण दहा-बारा किलोमीटर गेलं की काटा लाल रेषेवर. मी एका मोठ्या ग्रुपात लिहिलं, "जीप गरम होते, काय करू?" तासाभरात चाळीसच्या वर उत्तरं. थर्मोस्टॅट काढून टाका. वॉटर पंप बदला. फॅन बेल्ट ढिला असेल. हेड गॅस्केट गेली असणार. शेवटचं उत्तर सगळ्यांत ठाम होतं, म्हणून मी हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, खोलायला लावलं. गॅस्केट चांगली होती. हेड परत बसवलं, मजुरी आणि सामान मिळून सात हजारांच्या वर गेले आणि जीप पहिल्यासारखीच गरम.

पंधरा दिवसांनी अकोल्याकडच्या एका अनोळखी माणसानं खासगीत एकच प्रश्न पाठवला: "भाऊ, रेडिएटरात पाणी कुठलं टाकता?"

मी बोअरचं टाकत होतो. सगळेच टाकतात. खारपाणपट्ट्यातलं भूगर्भातलं पाणी खारं आहे, हे आम्ही लहानपणापासून जाणतो. त्यानं डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. पण हेच पाणी रेडिएटरच्या नळ्यांत क्षार साचवतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पुण्या-बंगळुरूच्या माणसाला तर ते सुचायचं कारणच नव्हतं. रेडिएटर काढून दुरुस्तीवाल्याकडे नेला. टाकी उघडल्यावर आतल्या नळ्या पांढऱ्या थरानं बुजलेल्या. रॉड मारून साफ केल्या, सिस्टिम धुतली, डिस्टिल्ड वॉटरमध्ये कूलंट मिसळून भरलं. हेड खोलण्याच्या पाव खर्चात काम झालं. त्या भावाला मी अजून प्रत्यक्ष भेटलेलो नाही.

ग्रुपातल्या उत्तर देणाऱ्यांची चूक नव्हती, पाण्याचं मी सांगितलंच नव्हतं. आता कुणी प्रश्न विचारायचा म्हटलं की मी त्याला हा साचा देतो:

*गाडी:* मॉडेल, वर्ष, इंजिन.
*जागा:* कोणता भाग, सध्याचं तापमान, रस्ता कसा. मे महिन्यातल्या 45 अंशांत गाडी गरम होणं आणि पुण्यात जानेवारीत गरम होणं या वेगळ्या गोष्टी आहेत.
*लक्षण:* कधी होतं? थंड इंजिनावर, चढावर, लोड असताना, उभ्या गाडीत?
*वापरलेलं पाणी, तेल, डिझेल:* कुठलं, केव्हा बदललं.
*आधी काय करून पाहिलं:* आणि त्यानं काय फरक पडला.
*फोटो किंवा आवाज:* उजेडात काढलेला, हात स्थिर ठेवून. धुराचा व्हिडिओ असेल तर मागं पांढरी भिंत असू द्या, म्हणजे धूर काळा की निळा ते कळतं.

काळ्या मातीचंही सांगत जा. पावसाळ्यात ती चाकाच्या आतल्या बाजूला थापली जाते आणि वाळून घट्ट होते. मग चाकाचा तोल जातो आणि वेग घेतला की स्टिअरिंग थरथरतं. बाहेरचा माणूस तुम्हाला किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं ती खीळ) बदलायला सांगेल. आधी खुरपं घेऊन चिखल काढा.

4. उत्तर देणारा कोण आहे ते पाहा

चाळीस उत्तरांतली तीन कामाची असतात. ती ओळखायची माझी पद्धत अशी: जो उलट प्रश्न विचारतो, त्याचं आधी ऐकायचं. जो थेट "हे बदल" म्हणतो, त्यानं स्वतः ते काम केलंय का, हे नम्रपणे विचारायचं. केलेला माणूस फोटो पाठवतो, किंवा निदान कोणता बोल्ट त्रास देतो ते सांगतो.

पूर्वी गाडीवेडा माणूस स्वतःच्या पैशानं तेल घ्यायचा आणि चांगलं-वाईट लिहायचा. आता बऱ्याच चॅनेलवाल्यांना कंपन्या माल फुकट देतात, व्हिडिओखाली सवलतीचा कोड असतो. त्यांनी पोट भरू नये असं माझं म्हणणं नाही. पण "पैसे घेऊन केलंय" ही ओळ व्हिडिओत आहे का, हे पाहायची सवय लावा.

दुसरी बदललेली गोष्ट म्हणजे कंपन्यांवरून भांडणं. ऑक्टोबर 2023 मध्ये भारत एनकॅप ही गाड्या आपटवून पाहायची चाचणी सुरू झाली, गाड्यांना सुरक्षेचे स्टार मिळू लागले. हे चांगलंच झालं. पण ग्रुपात स्टारवरून माणसं एकमेकांच्या आईबापावर जातात. तुम्ही त्यात पडू नका. तुमच्या 1998 च्या जीपला एकही स्टार नाही, तुम्हाला ब्रेक नीट हवेत.

सध्याचा मोठा वाद 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा आहे. जुनी कार्बोरेटरची मारुती किंवा जिप्सी असेल तर घाबरू नका, पण डोळेझाकही करू नका. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, जुन्या रबरी होज आणि गॅस्केटवर त्याचा परिणाम होऊ शकतो, मायलेजही थोडं कमी मिळतं. गाडी महिनोन्महिने उभी ठेवू नका, इंधनाच्या होज दर काही महिन्यांनी दाबून पाहा, चिरा दिसल्या की बदला. ग्रुपात "इंजिन फुटतं" आणि "काहीच होत नाही" असे दोनच पक्ष दिसतील. दोघांचंही ऐकून आपल्या गाडीची होज तपासा.

5. गावातल्या मिस्त्रीला सोबत घ्या

ग्रुप आला म्हणून गॅरेजवाल्याला कमी लेखू नका. आमच्याकडे काळी-पिवळीचा जमाना होता तेव्हा त्या जीपगाड्या पंधरा-पंधरा माणसं भरून तालुक्याला जायच्या. त्या इंजिनांवर आयुष्य काढलेली माणसं अजून आहेत. आमचे वस्ताद त्यांतलेच. मी पहिल्यांदा त्यांना व्हिडिओ दाखवला तेव्हा ते हातातला पाना न सोडता म्हणाले, "तुह्या मोबाइलातल्या लोकाईनं हे इंजिन कधी खोललं हाय का? ह्याले आवाजावून ओळखा लागते बावा."

मी वाद घातला नाही. पुढच्या वेळी त्यांनी पंपाचं टायमिंग कानानं लावलं तेव्हा परवानगी घेऊन रेकॉर्ड केलं आणि फोरमवरच्या बंगळुरूच्या एका जुन्या जीपवाल्याला पाठवलं. त्यानं दोन बारीक प्रश्न विचारले. वस्तादांनी उत्तरं सांगितली, मी लिहून पाठवली. आता ते स्वतःच विचारतात, "काय म्हनते तुहा बंगलोरवाला?"

जिप्सी घेतली असेल तर चंद्रपूरकडे ओळख काढा. ताडोब्याच्या सफारीत वर्षानुवर्षं जिप्सी चालल्यात, मोहर्लीच्या बाजूला त्या गाडीवर हात बसलेले मेकॅनिक भेटतात.

6. ग्रुपवरून गाडी किंवा पार्ट घेताना

पार्टसाठी पुण्याची नाना पेठ, मुंबईचं कुर्ला, दिल्लीचं कश्मीरी गेट ही नावं सतत ऐकाल. दुकानदाराला जुन्या पार्टचा फोटो आणि त्यावरचा नंबर पाठवा, नुसतं नाव सांगू नका. माल ट्रॅव्हल्सच्या पार्सलनं मागवता येतो. अनोळखी माणसाला पूर्ण पैसे आधी देऊ नका. "मी फौजी आहे, बदली झाली, टोकन टाका, गाडी पाठवतो" ही फसवणूक जुनी आहे आणि अजून चालते. गाडी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक रुपयाही नाही.

गाडी घेण्याआधी नंबर टाकून एम-परिवहन या सरकारी ॲपवर माहिती पाहा, बाकी ई-चलान पाहा. आणि ही कागदं जमवा:

- आरसी, चालू विमा, पीयूसी
- गाडी नावावर करायचे फॉर्म 29 (दोन प्रती) आणि फॉर्म 30, विकणाऱ्याच्या सहीनं
- तुमचा पत्त्याचा पुरावा आणि पॅन
- दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर फॉर्म 28, म्हणजे ना-हरकत. यवतमाळची एमएच-29 गाडी अमरावतीच्या एमएच-27 कडे आणायची असेल तरी हे लागतं.
- बोजा असेल तर फॉर्म 35 आणि बँकेचं पत्र
- मालक वारला असेल तर फॉर्म 31, मृत्यूचा दाखला, वारसांची संमती

शेवटचं कलम खेड्यात सगळ्यांना अडवतं. माझी जीप मामाच्या वडिलांच्या नावावर होती आणि ते जाऊन नऊ वर्षं झाली होती. नियमानं तीन महिन्यांच्या आत अर्ज करायचा असतो. दोन मावश्या, एक मामा, तिघांच्या सह्या आणि प्रतिज्ञापत्रं जमवण्यात माझे पाच महिने गेले. इंजिन उभं राहायला त्याहून कमी वेळ लागला. म्हणून पान्याला हात लावण्याआधी हे काम सुरू करा.

15 वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण दर 5 वर्षांनी फॉर्म 25 भरून करावं लागतं, सोबत पर्यावरण कर. चारचाकीच्या नूतनीकरणाची फी 1 एप्रिल 2022 पासून 600 वरून 5,000 झाली आणि 2025 मध्ये 20 वर्षांवरच्या गाड्यांसाठी 10,000. "पासिंग तेवढं बाकी आहे" असं कुणी हलक्यानं म्हणालं तर हे आकडे भावातून वजा करा. 1 एप्रिल 2019 आधीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेटही बसवावी लागते.

दिल्लीत 10 वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या स्वस्त गाड्या आपल्याकडे बऱ्याच येतात. गाडी चांगलीही असेल, पण तिकडची ना-हरकत आणि इथला कर धरून हिशोब करा.

7. बदल करण्याआधी कलम 52 लक्षात ठेवा

रीलमध्ये हरियाणातल्या मंडी डबवालीच्या उघड्या, रुंद टायरच्या जीप दिसतात. पोरं वेडी होतात, मीही झालो होतो. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत बदल चालत नाही आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच स्पष्ट केलं. अशा गाड्यांत इंजिन एकाचं, चेसी दुसऱ्याची, कागद तिसऱ्याचे असू शकतात. अपघात झाला तर विम्याचा दावा अडकतो. रंग बदलायचा असेल तर आरटीओत नोंद करून बदलता येतो. मी जीपचा मूळ पांढरा रंगच ठेवला.

8. भेटी आणि राइड

ग्रुपच्या भेटी बहुतेक नागपूर-अमरावतीला रविवारी सकाळी असतात. जरूर जा, जुनी गाडी लाजून घरी ठेवू नका. पण समृद्धी महामार्गावर वेगाचा आकडा मोबाइलवर धरणाऱ्यांच्या मागं लागू नका. तिथं मर्यादा 120 ची आहे आणि उन्हाळ्यात तापलेल्या सिमेंटवर जुने टायर फुटतात. टायरच्या कडेला चार आकडे असतात: 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. निघण्याआधी वाचा.

चिखलदऱ्याच्या घाटात ताफ्यानं जाताना पुढच्याला ओव्हरटेक करायचं नाही, हॉर्न वाजवायचा नाही, मेळघाटात रस्ता सोडून गाडी उतरवायची नाही. ज्या ग्रुपला हे पटत नाही तो ग्रुप मी सोडतो.

आणखी एक. आमच्या तालुक्यातल्या एका मुलीनं बापाच्या ट्रॅक्टरसोबत मारुती 800 शिकून घेतली. ग्रुपात क्लचचा प्रश्न विचारला तर इनबॉक्समध्ये नको ते मेसेज आले. आता ती भावाच्या नावानं विचारते. तुम्ही ग्रुपात असाल आणि असं काही दिसलं तर ॲडमिनला लगेच कळवा. ॲडमिननं काही केलं नाही, तर तसं ग्रुपात उघड लिहा.

9. काम झालं की परत जाऊन लिहा

दुरुस्ती झाल्यावर बहुतेक जण गायब होतात. तुम्ही ज्या धाग्यात विचारलं त्याच धाग्यात शेवटी लिहा: दोष काय निघाला, पार्ट नंबर काय, कुठून आणला, किती पैसे गेले, कोणतं उत्तर चुकलं. व्हॉट्सॲपवर विचारलं असेल तर तेच उत्तर फोरमवर किंवा फेसबुक ग्रुपात टाका, म्हणजे शोधणाऱ्याला सापडेल. फोटो थेट तिथंच चढवा, दुसऱ्या साइटची लिंक देऊ नका. मजकूर मराठीत असला तरी शेवटी मॉडेल आणि दोषाचं नाव इंग्रजीतही एकदा टाका, बाहेरच्या माणसालाही शोधता येईल.

रेडिएटरचं मी 2020 च्या पावसाळ्यात लिहिलं होतं, "खारं पाणी, महिंद्रा जीप, गरम होणं" असं शीर्षक देऊन. मागच्या महिन्यात शेगावकडच्या एका पोराचा मेसेज आला, त्याच्या बोलेरोचं तेच झालं होतं. त्यानं हेड खोललं नव्हतं.